रविवार, चौपाटी आणि उसाचा फड

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी जाते, दक्षिणेकडून मांजरा जाते, सिंदफणा आणि बिंदुसरा पोटातून वाहतात. आणि हे सगळे पाणी शेवटी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आमच्या नद्यांनीदेखील मुंबईच्या समुद्राकडे पाठच फिरवलेली आहे. अशा मुलखात बसून गिरगावच्या चौपाटीवर बोलायचे, तेही बायकामुलांना घेऊन तिथे फिरायला जाण्याच्या गोष्टीवर, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. कामगारांच्या सभांतून महागाई, बोनस आणि दर यांवर बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी हा विषय घ्यावा याचे तर अधिकच नवल वाटेल. पण या विषयाला इतिहास आहे, आणि तो इतिहास आमच्या धंद्यातलाच आहे.

समुद्र हा देवाने दिला, त्याला तिकीट नाही, मग ज्याला वाटेल त्याने उठावे आणि जावे, अशी आपली समजूत असते. पण चौपाटीवर जायला पहिली गोष्ट लागते ती समुद्र नव्हे, तर दिवस. हाताशी मोकळा, मजुरी न बुडवणारा, ठरलेला दिवस. मुंबईचा समुद्र हजारो वर्षे तिथेच होता. मुंबईच्या गिरणी कामगाराला हा दिवस मात्र १८९० सालापर्यंत नव्हता.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारण्यास घेतली गेली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराडी उभी राहिली. कामाचे तास घड्याळावर नव्हते, सूर्यावर होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. सणावारी गिरणी बंद राही, पण आठवड्याला एक ठरलेला दिवस आपला, ही कल्पनाच नव्हती. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्या मिळाल्या. मोठ्या माणसांना, मग तो पुरुष असो की बाई, काहीच मिळाले नाही. त्या कायद्यासाठी विलायतेत ज्यांनी आरडाओरडा केला त्यांत लँकेशायरचे गिरणीवाले पुढे होते, हेही सांगून ठेवले पाहिजे. मुंबईचे कापड स्वस्त पडते ही त्यांची पोटदुखी होती. शत्रूच्या पोटदुखीतूनही कधी आपल्या मुलाला औषध मिळते.

या काळात नारायण मेघाजी लोखंडे हे गृहस्थ पुढे आले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. रेल्वेत आणि पोस्टात त्यांनी नोकरी केली होती, पुढे एका गिरणीत भांडारपाल होते, म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिलेली होती. 'दीनबंधु' पत्र त्यांनी चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की मनुष्य थबकतो. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईतो पगार मिळावा. या यादीत पगारवाढ नाही, हे लक्षात घ्यावे. त्या माणसांनी पैशांच्या आधी वेळ मागितला.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. १८९० साली! सुशिक्षितांच्या घरच्या बायका त्या काळी सभेला जाऊन बसत नव्हत्या, तेव्हा गिरणीतल्या दोन बाया दहा हजारांपुढे बोलल्या. त्यांची भाषणे कोणी पुरती लिहून ठेवली असती तर आम्ही ती या व्याख्यानमालेत वाचून दाखवली असती. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी पक्की केली आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरवला. १८९७ साली प्लेगाने लोखंडे गेले.

रविवार म्हणजे साहेबाचा, ख्रिस्ती लोकांच्या चर्चचा वार, असे आपल्याकडे अजून बोलले जाते. तो खंडोबाचाही वार आहे. आणि आमच्याकडे निजामाच्या राज्यात तर कचेऱ्या शुक्रवारी बंद असत; १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेल्यावर आमचाही वार बदलला. वार कोणताही असो, तो ठरलेला असणे हेच महत्त्वाचे. घरातला बाप मंगळवारी मोकळा, आई शुक्रवारी मोकळी आणि मुलांची शाळा रविवारी बंद, अशा घरातले लोक एकत्र कुठे जाणार?

सुटी मिळाली म्हणून लोक दुसऱ्याच रविवारी चौपाटीवर गेले असे मात्र समजू नये. एक तर रविवारीदेखील अर्धा दिवस यंत्रे पुसायला बोलावण्याची खोड बरीच वर्षे राहिली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर निदान अंधार कामगाराच्या बाजूने होता, तोही फितूर झाला. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ साली आठवड्याला साठ तास झाले, १९३४ साली चोपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. या शेवटच्या पायरीच्या काळात, म्हणजे १९४२ पासून १९४६ पर्यंत, मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पगारी रजेची तरतूद कायद्यात आली तीही याच काळात, १९४५ साली. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर गिरणगावचा माणूस वाळूपर्यंत पोचला.

दुसरी अडचण अशी, की बरोबर न्यायला कुटुंबच नव्हते. गिरणीत आलेला बहुतेक पुरुष रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतला. बायको गावी शेत सांभाळी. हा एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही आणि एखाद्या बाईच्या खानावळीत जेवी. रविवारी खानावळीत जेवण जरा चांगले असे. म्हणजे त्या खानावळवालीला रविवारी काम जास्त असे. सुटीच्या इतिहासात ही गोष्ट कोणी मांडत नाही. एकाची सुटी ती पुष्कळदा दुसरीची दुप्पट पाळी असते. चाळीतून चौपाटीवर निघालेल्या कुटुंबाचा डबा कोणी भरला, हे विचारले की उत्तर तेच येते.

तरीही हळूहळू कुटुंबे मुंबईत आली, चाळीत बिऱ्हाडे झाली, मुले झाली, आणि रविवार भरू लागला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून होतीच, ती गिरण्यांच्या अगदी शेजारी. हत्ती पाहायचा तर तिथे. मलबार टेकडीवरचा टांगता बगीचा १८८१ च्या सुमाराचा. टेकडीखाली गिरगावच्या वाळूवर भेळ, कुल्फी, उसाच्या गंडेऱ्या. घोड्यांच्या ट्रामी १८७४ साली आल्या, १९०७ पासून विजेच्या झाल्या आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडल्या; त्या नव्वद वर्षांत माणशी आण्याच्या हिशेबात चाळीतले पोर समुद्रापर्यंत पोचे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. १९५२ साली टेकडीवर कमला नेहरू उद्यान झाले, त्यातला म्हातारीचा बूट सबंध महाराष्ट्राच्या शाळांच्या सहलींनी पाहिला. मरीन ड्राइव्ह स्वतःच समुद्र हटवून केलेली जमीन. तिथली भरणी आणि बांधणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होत राहिली. तिचा कठडा इतका रुंद आहे की सगळे कुटुंब रांगेने बसते, आणि उठा म्हणायला कोणी येत नाही.

उठा म्हणायला कोणी येत नाही, ही गोष्टही आपोआप झालेली नाही. याच किनाऱ्यावर ब्रीच कँडीला पोहण्याचा तलाव होता, तो स्वातंत्र्य आल्यावरही काही वर्षे गोऱ्यांसाठी राखीव होता. तलावाला भिंत घालता येते. चौपाटीच्या वाळूला ती घालता आली नाही, कारण तोवर त्या वाळूवर लोकांनी आपला हक्क बसवला होता. गणपती तिथेच बुडत. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले, त्यांचे दहन स्मशानात न होता चौपाटीच्या वाळूवर झाले. १९३० च्या एप्रिलात तिथेच कमलादेवी चट्टोपाध्याय आणि इतर स्त्रियांनी बेकायदा मीठ केले. जिथे बेकायदा मीठ करता येते तिथे भेळही खाता येते, असे आम्हांला वाटते.

याच सुमारास बाहेर काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. ज्या लँकेशायरचा उल्लेख वर आला, तिथे एकेका गावाच्या सगळ्या गिरण्या उन्हाळ्यात एक आठवडा बंद ठेवण्याची रीत होती. गावेच्या गावे आगगाडीने ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जात. पण त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. लोक वर्षभर भिशीत पैसे टाकून ती सहल करीत. पगारी रजेचा कायदा तिथे १९३८ साली आला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३६ च्या जूनमध्ये, फ्रान्समध्ये कारखाने ताब्यात घेऊन बसलेल्या कामगारांनी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली. लिओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्याने रेल्वेचे भाडे चाळीस टक्के कमी करवले, आणि त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या कितीतरी कामगारांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. तिकडचे श्रीमंत लोक नाक मुरडत होते, की आता किनाऱ्यावर कोणीही येऊ लागले. नाक मुरडण्याच्या बाबतीत सगळे देश सारखे.

आपल्या गिरणगावची कथा पुढे कशी संपली ते सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि पुष्कळ गिरण्यांची दारे पुन्हा उघडली नाहीत. मग गिरणगावात आठवड्याचे सातही वार रविवार झाले. त्या रविवारी कोणी चौपाटीवर गेले नाही.

आता बीडकडे यावे. आपल्या जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने माणसे समुद्राकडे जातात तो दिवस एकच: ६ डिसेंबर. १९५६ साली बाबासाहेबांच्या देहाला दादरच्या चौपाटीवर अग्नी दिला गेला, तिथे आज चैत्यभूमी आहे. केज, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इकडची कुटुंबे पोराबाळांसह, भाकरी बांधून, रात्रीच्या गाडीने तिथे जातात. ती सहल नव्हे, ते अभिवादन आहे. तथापि आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या किती तरी जणांनी सांगितले की जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो त्या दिवशी, बापाच्या खांद्यावरून. आणि दुसऱ्यांनी सांगितले की आम्हांला कधी जाता आले नाही, कारण डिसेंबरात आम्ही फडात असतो.

हा फड म्हणजे उसाचा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. आणि १९७२ च्या दुष्काळाने आमच्या डोंगरपट्ट्यातली माणसे ऊस तोडायला लोटली. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ही संख्या लाखांत आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली असते, ती अंगावर फेडायची. पहाटे अंधारात तोड सुरू, मोळ्या बांधायच्या, मग ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा भरायचा. तो रात्री अकराला आला तर अकराला. कोयत्यातल्या एकाने जरी दिवस बुडवला तरी खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड मुकादम उचलीत वाढवतो. १८८४ सालच्या अर्जातल्या मागण्या या माणसांसमोर वाचल्या तर त्यांना त्या आजच्या वाटतात. आम्ही वाचल्या आहेत. कोपीबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "हा अर्ज कोणी केला म्हणता? आपल्याच टोळीचा होता का?"

सुटीचा दिवस नसणे म्हणजे केवळ करमणूक नसणे नव्हे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. त्याला कारणे अनेक आहेत: खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती आहे, लहान वयातली लग्ने आहेत. पण बायकांनी स्वतः जे सांगितले त्यात खाड्याची भीती होती. महिन्यातले चार दिवस पोट दुखते म्हणून घरी बसायला त्यांच्याजवळ एकही दिवस नव्हता.

काही वर्षांपूर्वी आम्ही ऊसतोड मजुरांचा मोर्चा मुंबईला आझाद मैदानावर नेला होता. श्रावणाचे दिवस, हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. निवेदन देऊन झाले, परतीच्या गाडीला पाच तास होते. बायका म्हणाल्या, समुद्र दाखवा. मैदानापासून मरीन ड्राइव्ह पायी थोड्याच अंतरावर. चाळीस-पन्नास माणसे आम्ही त्या कठड्यावर नेऊन बसवली. भरतीची वेळ होती, लाटा कठड्यावर येऊन फुटत होत्या. पहिल्या लाटेला सगळ्या ओरडल्या, दुसऱ्या लाटेला हसल्या, तिसरीला कोणी हललेच नाही. एका मावशीने पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी करून तीत समुद्राचे पाणी भरून घेतले. एका तरुण जोडप्याने उसाचा रस घेतला आणि गाडीवाल्याशी ऊस कोणत्या जातीचा यावरून वाद घातला. त्या गाडीवाल्याला इतके जाणते गिऱ्हाईक पूर्वी मिळाले नसावे. दोन तास झाले. चला म्हणायचे आमच्या जिवावर आले, पण गाडी थांबणार नव्हती. पुढे फडात गेलो की त्या बायका मोर्च्यात काय मागितले ते विचारत नाहीत, त्या लाटांचे बोलतात.

वस्तुतः दिवस घालवायला मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आणि वरून पडणारे पाणी. पाटोद्याकडे सौताड्याचा धबधबा आहे, नायगावचे मोर आहेत. बीडजवळ पालीला १९५५ सालचे बिंदुसरेचे धरण आहे. चांगल्या पावसात सांडव्यावरून पाणी पडू लागले की शहर तिकडे लोटते. माजलगावच्या जलाशयाला तर पलीकडचा काठ दिसत नाही, लहान मुलांना समुद्र म्हणून सांगितला तर पटेल. पावसाळ्यात टोळ्या घरी असतात तेव्हा त्यांना हे सारे मोकळे आहे. पण कपिलधारची मोठी यात्रा कार्तिकी पौर्णिमेला आणि परळीची महाशिवरात्रीला. दोन्ही वेळा निम्मे गाव कुलूपबंद असते.

कायद्यात आठवड्याच्या विसाव्याची सोय नव्हती असेही नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ती होती, त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात होती. हे कायदे २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितांत विलीन झाले. पण साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत मळी हलवणाऱ्याला रविवार मिळतो आणि फाटकाबाहेर त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला मिळत नाही, हे जुन्या कायद्यात जसे होते तसेच आजही चालले आहे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती मोठी गोष्ट झाली, गावोगाव तिची चर्चा झाली. त्या चर्चेत आठवड्याच्या सुटीचा शब्द आमच्या कानी आला नाही. उद्या तो काढला तर मालक म्हणतील, ऊस वाळतो, गाळप थांबत नाही. १८९० पूर्वी गिरणीवालेही हेच म्हणत, फक्त उसाच्या जागी सूत होते. उपाय अवघड नाही. सगळा फड एकाच दिवशी बंद ठेवायला नको. टोळ्यांनी पाळीपाळीने दिवस घ्यावा आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. स्टेशनावर त्या दिवशी पोरे गाडीला हात लावून पाहत होती. तिथून पुढे मुंबईचा रूळ आहेच. ही व्याख्यानमाला भरते त्या दिवसांत टोळ्या नुकत्याच परतलेल्या असतात. कोपीची भांडीकुंडी अजून उतरवायची असतात, आणि ओट्यावर मुकादमाबरोबर हिशेब चाललेला असतो: उचल किती फिटली, खाडे किती पडले, आणि पुढल्या सालावर बाकी किती फिरवायची.